जुन्या ठाण्यातल्या भिंती, चौक आणि चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांभळी नाका, चरई, खारकर आळी, महागिरी, टेंभी नाका या पट्ट्यातल्या सोसायट्या, मंडळं आणि दुकानदार आम्हाला वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न विचारतात. आम्ही म्हणजे दोन चित्रकार, एक आर्किटेक्ट, एक वकीलबाई आणि हिशेब ठेवणारे एक निवृत्त काका. फोनवर तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात शक्यतो पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भिंत रंगवून घेणं आणि 'सार्वजनिक कला करवून घेणं' यात फरक काय?

भिंत रंगवून घेताना तुम्ही पेंटरला चौरस फुटाचा भाव विचारता. कलाकृती करवून घेताना आधी जागा ठरते, मग ती जागा कुणाची, तिथून कोण जातं-येतं, तिचा इतिहास काय, हे शोधलं जातं. मग कलाकार निवडायचा, त्याला अभ्यासाला वेळ द्यायचा, लेखी करार करायचा आणि काम झाल्यावर त्याची निगा कोण राखणार हेही आधीच ठरवायचं. चित्र यातला सगळ्यात शेवटचा भाग. भित्तिचित्र हा एकच प्रकार नव्हे. उठावशिल्प, टाइल्सचं मोझॅक, बसायचा बाक, गल्लीच्या नावाची पाटी, तलावाच्या कठड्यावरची अक्षरं, रात्रीची रोषणाई, हे सगळं यात येतं.

२. तुम्ही 'जुनं ठाणं' कशाला म्हणता?

सरकारी व्याख्या नव्हे, आमची कामचलाऊ हद्द आहे: स्टेशनच्या पश्चिमेपासून मासुंदा तलावाभोवती फिरून टेंभी नाका, चरई, उथळसरपर्यंत आणि खाडीच्या अंगाला महागिरीपर्यंत. शिलाहारांच्या काळात हे श्रीस्थानक. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि आज त्यात कारागृह आहे. कौपिनेश्वराचं आजचं देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. टेंभी नाक्याजवळ १८७९ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, गडकरी रंगायतन १९७८ चं. पोर्तुगीज काळापासूनचं चर्चही इथलंच. अर्ध्या तासाच्या पायपिटीत इतकं सगळं दिसतं, पण भाजी घेऊन स्टेशनकडे पळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आमचं काम इथून सुरू होतं.

३. खरं सांगा, चित्र काढल्याने वस्ती सुधारते का?

नुसत्या चित्राने नाही. गटार वाहतंय, दिवे बंद आहेत, फुटपाथवर दुचाक्या लावल्यात आणि वर भिंतीवर मोर नाचतोय, असं झालं की लोक मोरालाच हसतात.

जिथे फरक पडला तिथे चित्राच्या जोडीला बरंच काही होतं. दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५-१६ पासून सरकारी क्वार्टर्सच्या भिंतींवर देशी-परदेशी कलाकारांनी चित्रं काढली. तिथे मुळातच रुंद पदपथ, झाडं आणि सलग भिंती होत्या, म्हणून लोक चालत बघू शकले. आपल्या शेजारी मुंबईत १८७५ च्या ससून डॉकवर २०१७ मध्ये कलाप्रकल्प झाला तेव्हा एरवी नाकाला रुमाल लावून जाणारे लोक रांगा लावून आत गेले. पण तो काही आठवड्यांचा उत्सव होता. कोळणींचा धंदा तिथे आधीही होता, नंतरही आहे. फिलाडेल्फियाचं उदाहरण जास्त शिकवणारं. तिथे १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या मुलांनाच हाताशी धरून भित्तिचित्रांची मोहीम सुरू झाली आणि ती चाळीस वर्षं चालू राहिली. आमच्या मते एका झटक्यात दहा भिंती रंगवण्यापेक्षा दर वर्षी एक भिंत, सलग दहा वर्षं, हे जास्त उपयोगाचं.

४. आमच्या आळीत काही करायचं आहे. पहिलं पाऊल कोणतं?

चहा. अगदी खरं सांगतोय. आळीतल्या चार जुन्या माणसांकडे बसा आणि विचारा, इथे पूर्वी काय होतं? कुठली विहीर बुजवली, कुणाची पिठाची गिरणी होती, पाणी कुठवर चढायचं. वहीत टिपून घ्या, घरातले जुने फोटो मागा. मग तीन वेगवेगळ्या वेळी (सकाळी दूधवाल्याच्या वेळेला, दुपारी, रात्री नऊनंतर) जागेवर अर्धा तास नुसतं उभं राहा. एका ठिकाणी आम्ही ठरवलेल्या भिंतीसमोर रोज संध्याकाळी पाच ते दहा पाणीपुरीची गाडी लागते, हे चौथ्या दिवशी कळलं. गाडी हलवायची की चित्र वर घ्यायचं? चित्र वर घेतलं. गाडीमुळेच तर लोक तिथे थांबत होते.

५. भिंत आमच्याच सोसायटीची आहे. तरी परवानगी लागते?

आधी भिंत खरंच तुमची आहे का ते बघा. जुन्या ठाण्यात दोन इमारतींमधली भिंत सामाईक असणं, किंवा ती शेजारच्या वाड्याच्या मालकाची असणं, हे नेहमीचं. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, नुसत्या चेअरमनच्या होकारावर जाऊ नका. चेअरमन बदलला की होकारही बदलतो. पागडीची इमारत असेल तर मालकाची लेखी संमती हवी, भाडेकरूंना मात्र आधी विश्वासात घ्या, कारण भिंतीसमोर राहणार आहेत ते.

त्यानंतर प्रभाग समिती कार्यालयात अर्ज, सोबत भिंतीचा फोटो, चित्राचा आराखडा, ठराव आणि परांची किती दिवस रस्त्यावर राहणार ते. रस्ता अडणार असेल तर वाहतूक पोलिसांनाही कळवावं लागतं. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ चा आहे आणि लेखी संमतीशिवाय काढलेलं चित्र कितीही सुंदर असलं तरी त्याच्या कचाट्यात सापडू शकतं. रेल्वेची संरक्षक भिंत, महावितरणची डीपी, शाळा, उड्डाणपुलाचे खांब यांचे मालक वेगवेगळे, तेव्हा प्रत्येकाचं ना हरकत पत्र वेगळं. वारसा वास्तू असेल तर प्रश्न ६ पाहा.

६. आमचा वाडा शंभर वर्षांहून जुना आहे. तो 'हेरिटेज' झाला का?

जुना असणं आणि वारसा यादीत असणं या दोन गोष्टी. यादीत असेल तर त्याची श्रेणी बघा. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या बाह्यरूपात बदल करायला आयुक्तांची परवानगी आणि वारसा समितीचा सल्ला लागतो, आणि दर्शनी भागावर रंगकाम म्हणजे बाह्यरूपात बदलच. केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असाल तर १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा लागू होतो. तिथे कुठलंही बांधकाम करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

पण यादीत नसलेल्या वाड्याबद्दल आमचं मत जास्त ठाम आहे. कोरीव लाकडी खांब, कौलं, जाळीदार सज्जा असलेल्या दर्शनी भागावर चित्र काढू नका. तो भाग आधीच कलाकृती आहे. पैसे त्याच्या दुरुस्तीला लावा आणि चित्र बाजूच्या कोऱ्या सिमेंटच्या भिंतीवर घ्या.

७. कलाकार कसा निवडायचा? स्पर्धा ठेवली तर स्वस्तात होईल ना?

स्पर्धा ठेवा, पण फुकट स्केच मागू नका. आधी फक्त पूर्वीची कामं मागवा, त्यातून तिघांना निवडा आणि त्या तिघांना आराखड्यासाठी मानधन द्या. निवड समितीत निदान एक माणूस भिंतीसमोर राहणारा, एक कलेतला आणि एक बांधकामातला असावा. टेंडर काढून सर्वांत कमी भावाला काम दिलंत तर तुम्हाला रंगाऱ्याचं काम मिळेल. त्यात वाईट काही नाही, फक्त मग त्याला कलाकृती म्हणू नका.

एक सुचवणी. जुन्या ठाण्यात दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आल्यावर त्यांचा धंदा बसला, पण ज्यांचा हात अजून चालतो असे काही सापडतात. देवनागरी अक्षराला असा बाक देणारा माणूस कला महाविद्यालयातून रोज बाहेर पडत नाही. बाहेरून नामवंत कलाकार आणलात तरी त्याच्या जोडीला यातला एक घ्या, आणि दोघांची नावं भिंतीवर एकाच आकारात लिहा.

८. खर्च किती येतो?

हा प्रश्न रोज येतो आणि आम्ही रोज आकडा सांगायचं टाळतो, कारण तीन मजली भिंत, झुल्यावर बसून करायचं काम आणि गल्लीतली आठ फुटी भिंत यांची तुलनाच नाही. खर्चाचे कप्पे मात्र ठरलेले असतात: भिंतीची दुरुस्ती, कलाकाराचं मानधन, मदतनीस, रंग आणि लेप, परांची किंवा बूम लिफ्ट, कामगारांचा आणि त्रयस्थांचा विमा, परवानग्या, आणि देखभाल. लोक मधले कप्पे धरतात, पहिला आणि शेवटचा विसरतात. आमचा नियम असा की एकूण रकमेतले दहा टक्के देखभालीसाठी वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय परांची बांधायची नाही.

कलाकाराची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर असेल तर तो जीएसटी लावेल. आधीच विचारून घ्या, नाहीतर बिल हातात आल्यावर काकांना घाम फुटतो.

९. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतो का?

मिळू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन, ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती, पारंपरिक कलांना उत्तेजन या बाबी आहेत. कंपनी स्वतः काम न करता तुमच्या संस्थेमार्फत करवणार असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. नुसतं मंडळ किंवा व्हॉट्सअॅप ग्रुप चालत नाही.

अडचण लोगोची येते. कंपनीचं नाव कोपऱ्यात हातभर पाटीवर असेल तर ठीक. भिंतीच्या मधोमध कंपनीचा रंग आणि चिन्ह आलं की ती जाहिरात झाली. तिला पालिकेचा जाहिरात परवाना लागतो, आणि कंपनीलाही तो खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. हे पहिल्याच बैठकीत गोड शब्दांत सांगून टाका.

१०. विषय काय घ्यावा? आम्हाला पहिली रेल्वे आणि वारली सुचतंय.

सगळ्यांनाच सुचतं.

रेल्वेबद्दल: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या त्या गाडीला १४ डबे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. आपल्याकडच्या बहुतेक चित्रांत एकच इंजिन धूर सोडत असतं. काढायचीच असेल तर निदान तिन्ही काढा. नाहीतर रेल्वे आल्यावर काय बदललं ते काढा. खाडीतून गलबतांनी येणारा माल रुळांवर गेला तेव्हा बंदरावरच्या माणसांचं काय झालं, हे आम्हाला अजून कुठल्या भिंतीवर दिसलं नाही.

वारली कलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर पोचली, त्यांना पद्मश्री मिळाली. वारली पाडे असलेला डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे आपल्याला ती घरची वाटते. मात्र स्टेन्सिलने छापलेली त्रिकोणी माणसं म्हणजे वारली नव्हे. हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, त्याचं मानधन द्या, त्याला स्वतःची गोष्ट सांगू द्या. खारकर आळीच्या भिंतीवर तारपा (वारल्यांचं फुंकवाद्य) का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.

आणि महागिरी-राबोडीतले मुस्लिम, बेने इस्राएल, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आगरी, कोळी, सीकेपी, सिंधी, गुजराती व्यापारी, हे सगळे या गावाचे आहेत. विषय निवडताना त्यांच्यातलं कुणी खोलीत बसलंय का, ते बघा.

११. पहिल्याच पावसाळ्यात आमचं चित्र सोललं. असं का झालं?

आमचंही सोललं होतं. जुन्या ठाण्यातल्या एका आळीत मोठ्या हौसेने केलेली भिंत जूनमध्ये फुगली आणि ऑगस्टमध्ये तिचे तळहाताएवढे पापुद्रे गटारात पडले. चूक आमचीच, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

जुन्या इमारतींच्या भिंती दगड-विटांच्या आणि गिलावा चुन्याचा. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसात पाणी पिते, उन्हात वाफेने सोडते. तिच्यावर आपण बाजारातला ॲक्रिलिक रंग चढवला की वर प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखं होतं. आतलं पाणी बाहेर पडायला बघतं, रंग त्याला अडवतो, मग फुगे येतात. खाडीजवळ मातीत क्षार जास्त, ते पाण्याबरोबर वर चढतात आणि रंगाखाली मिठासारखा पांढरा खार फुटतो. काही हुशार कंत्राटदार चुन्याच्या भिंतीवर आधी सिमेंटचा हात मारतात. त्याने दुखणं झाकलं जातं आणि आतल्या आत वाढतं.

उपाय असा. चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करा आणि रंग चुन्यात कालवलेले खनिज रंग किंवा सिलिकेट रंग घ्या. ते गिलाव्याशी एकजीव होतात, वर कवच धरत नाहीत. सिमेंटच्या भिंतीला बाहेरचा ॲक्रिलिक चालतो, पण नवा गिलावा असेल तर २८ दिवस तरी वाळू द्या, बुरशीरोधक प्रायमर द्या आणि घरातली पुट्टी बाहेर वापरू नका. भिंतीच्या माथ्याला पाणी तोडणारी कड नसेल, पन्हळ गळत असेल, एसीचा नळ भिंतीवर ठिबकत असेल तर आधी ते मिटवा. आमच्या भिंतीचा खरा गुन्हेगार चौथ्या मजल्यावरचा एक फुटका पाइप निघाला.

काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच. दिवाळीनंतर भिंत तपासा, संक्रांतीनंतर रंगवा. भडक लाल-पिवळे उन्हात आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काजळी यांसारखे खनिज रंग टिकतात. आणि शेवटचं, जमिनीपासून चार फूट चित्र काढूच नका. तो पट्टा शहाबादी फरशीचा किंवा गडद रंगाचा ठेवा. पिचकारी, दुचाकीचं हँडल, पावसाचे शिंतोडे, सगळं त्याच पट्ट्यात येतं.

१२. चित्राऐवजी शिल्प किंवा पुतळा बसवायचा असेल तर?

पुतळा आणि शिल्प हे शब्द अर्जात जपून वापरा. थोर व्यक्तीचा पुतळा उभारायचा तर राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जागेची मालकी, पोलिसांचा अभिप्राय, देखभालीची हमी, सगळं आलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नये असं सांगितलं आहे. त्याच आदेशात दिवे, वाहतुकीच्या सोयी आणि रस्त्यांचं सुशोभीकरण याला सूट आहे. अमूर्त शिल्प किंवा शिल्पासारखा बाक त्या सुटीत बसतो की नाही, हे पालिकेच्या विधी विभागाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर पाया खणू नका.

साहित्याबद्दल एकच वाक्य: खाडीच्या हवेत साधं लोखंड गंजतं, स्टीलमध्येही ३१६ दर्जाचं मागा, ३०४ वर डाग पडतात.

१३. करार कशाला? सगळी ओळखीचीच माणसं आहेत.

म्हणूनच. ओळखीच्या माणसाशी पैशावरून वाद झाला की मैत्रीही जाते. दोन पानी करार पुरे: काय करायचं, कुठे, कधीपर्यंत, पैसे किती टप्प्यांत (सुरुवातीला, आराखडा मंजूर झाल्यावर, काम संपल्यावर), बदल किती वेळा मागता येतील, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, चित्र किती वर्षं राहणार, दुरुस्ती कोण करणार, ते काढायचं झालं तर काय, आणि हक्क कुणाकडे. शेवटच्या दोन मुद्द्यांसाठी प्रश्न १४ आणि १५.

१४. पैसे आम्ही दिले, मग चित्राचा कॉपीराइट आमचाच ना? त्याचं कॅलेंडर छापता येईल का?

इथे कायदा थोडा गमतीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा. म्हणजे तुम्ही. पण त्या तरतुदीत शिल्पाचं नाव नाही! शिल्पाचा हक्क कलाकाराकडेच राहतो, तो लेखी लिहून घ्यावा लागतो. लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

आता रस्त्यावरून जाणाऱ्याचं काय? सार्वजनिक जागेत कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कलम ५२ मध्ये सूट आहे. भिंतीवरचं चित्र त्या सुटीत धरलेलं नाही. सिनेमात मात्र दोन्ही दाखवता येतात. त्यामुळे पर्यटकाने सेल्फी काढली तर कुणी काही म्हणत नाही, पण एखाद्या ब्रँडने तुमच्या भित्तिचित्रासमोर जाहिरात केली तर त्याला परवानगी मागायला लावता येते. आम्ही करारात लिहितो की बिनव्यापारी वापर दोघांनाही मोकळा, व्यापारी वापराला दोघांची संमती आणि मिळकत निम्मी-निम्मी.

१५. पाच वर्षांनी कंटाळा आला तर चित्र पुसता येईल?

हक्क विकले तरी कलाकाराकडे कलम ५७ चे विशेष अधिकार उरतात: आपलं नाव लावण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं सुमारे १४० फूट लांबीचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. उलट २०१९ मध्ये प्रगती मैदानावरच्या पाडलेल्या हॉल ऑफ नेशन्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने जागामालकाला इमारत पाडण्यापासून वास्तुविशारद अडवू शकत नाही असं म्हटलं.

दोन्ही निकाल वाचून आमच्या वकीलबाईंचा सल्ला: अर्धवट खोडू नका, मधेच खिडकी काढू नका, दुसऱ्याकडून डोळे-नाक बदलून घेऊ नका. काढायचंच असेल तर कलाकाराला नव्वद दिवस आधी लेखी कळवा, फोटो काढून ठेवू द्या आणि पूर्ण काढा. ही मुदत करारात असेल तर कुणाला धक्का बसत नाही.

१६. आमची इमारत धोकादायक यादीत आहे. चित्र काढलं तर ती वाचेल का?

नाही. सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतीवर परांची टेकवणंसुद्धा चूक आहे. सी-२ मध्ये दुरुस्ती आधी, रंग मागाहून. क्लस्टर योजनेत, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासात, पाडकाम ठरलेलं असेल तर कायमचं चित्र न करता छायाचित्रांचं, कापडाचं तात्पुरतं काम करा. घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांचे जुने फोटो मोठे करून त्यांच्याच गॅलऱ्यांत टांगणं, यासारखा निरोप समारंभ नाही.

१७. गणपती, नवरात्र, पाडवा, दहीहंडी. आमच्या भिंतीसमोर वर्षभर मंडप आणि बॅनर. काय करायचं?

मंडळाला शत्रू समजू नका. टेंभी नाक्याचं नवरात्र किंवा कौपिनेश्वरापासूनची स्वागतयात्रा ही या वस्तीची सर्वांत जिवंत सार्वजनिक कला आहे, तुमची भिंत तिच्या मागून आली. मंडपाचे खांब कुठे येतात ते आराखड्यावर दाखवून घ्या, बांबू बांधायला भिंतीपासून हातभर दूर कायमचे हुक बसवून द्या. मग कुणी चित्रात खिळा ठोकत नाही. वाढदिवसाच्या बॅनरवर मात्र आमच्याकडेही औषध नाही. भिंतीच्या उद्घाटनाला दादांना बोलावलं होतं त्या वर्षी तिथे बॅनर लागला नाही, एवढं सांगतो.

१८. भिंतीवर लोक लघवी करतात. देवांच्या टाइल्स लावू की देवाचं चित्र?

दोन्ही नको. टाइल्स लावल्या की माणूस चार पावलं पुढे सरकतो आणि तुम्ही देवाला गटारावर बसवलेलं असतं. तिथे दिवा लावून घ्या आणि जवळच्या मुतारीची दुरुस्ती मागा. ज्या कोपऱ्यात रात्री उजेड आणि समोर चहाची टपरी असते, तिथे हा प्रश्न आपोआप मिटतो.

१९. काम पूर्ण झाल्यावर लोकांनी आक्षेप घेतला तर?

आक्षेप कशाला आहे ते नीट ऐका. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची १२० फुटी पोलादी भिंत १९८१ मध्ये एका चौकात उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांचा रोजचा रस्ताच तिने अडवला होता, आणि भांडणं, सुनावण्या होऊन १९८९ मध्ये ती काढावी लागली. कलेच्या इतिहासात तिला मान आहे, पण डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला वळसा पडत होता हेही खरं.

म्हणून आराखडा भिंतीसमोरच, मोठा छापून, पंधरा दिवस लावून ठेवा आणि खाली वही टांगा. 'आवडलं नाही' यावर चित्र बदलायचं नाही. 'आमच्या समाजाचं चुकीचं दाखवलंय', 'ही तारीख चूक आहे', 'माझ्या खिडकीत उजेड येणार नाही' यावर बदलायचं. धर्म किंवा जातीचा मुद्दा असेल तर वहीवर सोडू नका, माणसं घरी जाऊन भेटा.

२०. वस्ती सुंदर झाली की भाडी वाढतील आणि आम्हालाच जावं लागेल, असं काहीजण म्हणतात.

ही भीती खोटी नाही. ठाण्यात जुन्या माणसांना हलवण्याचं काम भित्तिचित्रांपेक्षा पुनर्विकास कितीतरी वेगाने करतोय, तरी एखादी गल्ली फोटोसाठी प्रसिद्ध झाली की तळमजल्यावरचं किराणा दुकान जाऊन कॅफे येतो. आम्ही निदान एवढं करतो: काम देताना गल्लीतल्याच सुताराला, रंगाऱ्याला, चहावाल्याला आधी विचारतो आणि चित्रात दुकानं असतील तर आजही चालू असलेली, खऱ्या नावाची दाखवतो.

२१. आमच्याकडे फक्त पंधरा हजार रुपये आहेत. काय करू?

भित्तिचित्र करू नका. गल्लीच्या तोंडाला एक चांगली, हाताने रंगवलेली नावाची पाटी करून घ्या, पेंटर प्रश्न ७ मधला. नावाखाली दोन ओळी: नाव कशावरून पडलं, पूर्वी इथे काय होतं. मजकूर छापण्याआधी आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींना वाचून दाखवा. एका आळीत आजींनी ऐकता ऐकता थांबवलं आणि म्हणाल्या, विहीर डावीकडे नव्हती रे, उजवीकडे. पेंटरने कपाळाला हात लावला, पण बाण फिरवला.